पॅसेजमधल्या लाल पट्ट्या

स्वयंपाकघरात आधी डबा पडला, मग ती पडली. डब्याचा आवाज मोठा होता. झाकण सुटून घरंगळत कुठल्याशा कोपऱ्यात गेलं आणि स्वतःभोवती फिरत फिरत गप्प झालं. तिचा आवाज त्या मानानं काहीच नव्हता. गुंडाळलेली गादी जमिनीवर टाकावी तेवढाच, आणि त्याच्या जरा आधी अर्धवट ‘आई गं’. मी पॅसेजमध्ये होतो. हॉलमधल्या खुर्चीतून उठून जेमतेम मधोमध आलो होतो, उजव्या हातात काठी, डावा हात भिंतीला. ‘अगं, काय झालं?’ असं मी विचारलं. म्हणजे विचारलं असं मला वाटलं. आवाज बाहेर किती पडला देव जाणे. मी पाऊल टाकायला गेलो, आणि पाय चिकटले.

चिकटले हा आमच्या घरातला शब्द. डॉक्टरांचा वेगळा आहे, तो मला आवडत नाही. पार्किन्सन म्हटलं की लोक हाताकडे बघतात, आणि माझा उजवा हात त्यांना निराश करत नाही. मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसतात, काहीतरी चोळून बारीक करत असल्यासारखे. पण हाताचं एवढं काही नाही. त्याला काम दिलं, पेला धरायला दिला, कुणाचा हात दाबायला दिला की तेवढ्यापुरता तो शहाण्यासारखा थांबतो. पायांचं तसं नाही. पाय मधेच, काही न सांगता, राजीनामा देतात. वरचा सगळा माणूस निघालेला असतो, डोकं, छाती, पोट पुढे झुकलेलं असतं, आणि तळवे मात्र जागचे हलायला तयार नसतात. दारात होतं, अरुंद जागेत होतं, वळताना होतं, कुणी घाई केली की हमखास होतं. भीती वाटली तर विचारूच नका. लोक म्हणतात, भीतीनं पायाखालची जमीन सरकली. माझी कधी सरकत नाही. सरकली असती तर तेवढाच पुढे गेलो असतो.

आत नळ चालू होता. बादलीत पाणी पडत असल्याचा आवाज, आधी पोकळ आणि मग हळूहळू भरत गेलेला. मी कान देऊन ऐकत होतो, पण नळाच्या पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. ती उठते आहे का, कण्हते आहे का, श्वास घेते आहे का, सगळं त्या पाण्याच्या मागे. मान वर होत नव्हती. माझी मान हल्ली जमिनीकडेच असते, त्यामुळे आमच्या घरातल्या फरशा मला चेहऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत. आत्ता डोळ्यांसमोर होती ती पॅसेजची फरशी, आणि तिच्यावर, आज सकाळपर्यंत जिथे लाल पट्ट्या होत्या तिथे, आता पट्ट्या नव्हत्या. त्यांच्या जागी आडव्या, फिकट खुणा होत्या आणि त्या चकाकत होत्या.

पट्ट्या लावल्या हवालदारनं. हवालदार म्हणजे माझ्या सेवेला येणारी बाई. सकाळी येते, मला आंघोळ घालते, कपडे चढवते, व्यायाम करून घेते, संध्याकाळी जाते. राहते पलीकडच्या गल्लीत, आमच्या घराची एक किल्ली तिच्या कमरेला असते, आणि आज तिची सुट्टी होती. हवालदार हे नाव मी ठेवलं. तिला ते कळलं तेव्हा तिनं मला एक सलाम ठोकला आणि म्हणाली, ‘काका, आता शिस्तीत चालायचं.’ तिनंच एक दिवस लाल चिकटपट्टीचं भेंडोळं आणलं आणि हॉलपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या मारल्या. ‘चालायचं नाही. लाल ओलांडायचं,’ ती म्हणाली. मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण पाय खरंच उचलला गेला. का ते मला विचारू नका. साध्या फरशीवर जो पाय हलत नाही तो ओलांडायला काही दिसलं की मुकाट्यानं उठतो, पलीकडे पडतो, मग दुसरा. पट्टी नसेल तिथे माझी बायको पट्टी व्हायची. बाथरूमच्या दारात, डॉक्टरांच्या लिफ्टमध्ये, कुठेही मी चिकटलो की ती समोर येऊन आपलं पाऊल माझ्या पावलापुढे आडवं ठेवायची आणि म्हणायची, ‘ओलांडा.’ मी ओलांडायचो. कितीतरी वेळा ओलांडलं असेल मी ते पाऊल. कधी त्याच्यावर पायही दिलेला आहे, आणि तिनं ओरडायचं टाळलेलं आहे, कारण ती ओरडली की मी पुन्हा चिकटतो.

पट्ट्या काढ असं आज सकाळी मीच बायकोला म्हणालो. दुपारी विहीणबाई चहाला येणार होत्या, मुलीच्या सासूबाई. मुलगी लांबच्या शहरात असते. विहीणबाई काही कामानं आमच्या शहरात आल्या होत्या. त्या आमच्याकडे शेवटच्या आल्या तेव्हा मी त्यांना दार उघडलं होतं आणि चहाचा ट्रे स्वतः बाहेर नेला होता. ‘घर आहे की गाड्या लावायची जागा,’ मी म्हणालो. ‘एक दिवस तरी ते लाल काढ.’ एरवी माझं कुठलंच वाक्य तिला पहिल्या खेपेला ऐकू येत नाही. आवाज इतका खाली गेलाय की मी ‘अगं’ म्हटलं की ती जवळ येते, माझ्या दंडावर एक बोट दाबते आणि विचारते, ‘काय म्हणालात?’ दिवसभर तेच. अगं, काय म्हणालात, अगं, काय म्हणालात. मला त्याचा वैताग येतो. पण आज तिनं विचारलं नाही. लगेच म्हणाली, ‘काढतेच,’ आणि हसली. तेव्हा मला कळलं की तिलाही हेच हवं होतं, फक्त बोलायचं नव्हतं. बोथट सुरी घेऊन ती फरशीवर बसली आणि हॉलच्या टोकापासून एकेक पट्टी सोलत स्वयंपाकघराकडे सरकत गेली. गोंद राहतो, तो नुसत्या पाण्यानं निघत नाही, म्हणून वाटीत डोक्याला लावायचं तेल घेतलं आणि ते चोळत गेली. किती खुशीत होती. मधेच म्हणाली, ‘अहो, घर किती मोठं दिसायला लागलं बघा.’ मग सगळीकडे तेल झालं तेव्हा ते धुवायला साबणाची पावडर आणि बादली आणायला आत गेली. चपला काढून, अनवाणी. आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या विचार केला, पट्ट्या नाहीत तर नाहीत, आपण चालून दाखवू. ती बाहेर येईल आणि मी पॅसेजमध्ये उभा असेन, भिंतीला टेकून, सहज. कौतुक करेल. म्हणून उठलो होतो.

म्हणजे तेल सगळीकडे होतं. मधोमधपर्यंतची फरशी तिनं कोरड्या फडक्यानं पुसली होती, माझ्या पुढची तशीच होती. मला आता दोन भीत्या वाटत होत्या आणि त्या एकमेकींना वाट देत नव्हत्या. पाय हलणार नाहीत ही एक, आणि हलले तर घसरेन ही दुसरी. मी पडलो तर दोघं पडलेले. उद्या सकाळपर्यंत किल्ली घेऊन कुणी येणार नाही. विहीणबाई दुपारी बेल वाजवतील, पुन्हा वाजवतील, माणसं बाहेर गेली असतील म्हणून निघून जातील. हवालदारनं शिकवलेला झुला करून पाहिला, म्हणजे वजन या पायावर, मग त्या पायावर, जागच्या जागी. गुडघे नुसते थडथडले. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून खाली फरशीवर पडला आणि तिथल्या तेलात पसरला नाही, तसाच टपोरा राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मग आत काहीतरी सरकलं. ओलं, घसटत. आणि तिचा आवाज आला, नळाच्या आवाजातून, अगदी बारीक. ‘अहो, येऊ नका... तेल आहे.’

बस. एवढंच. मी थांबलो, म्हणजे थांबलेलोच होतो, पण आतूनही थांबलो, पुढचं ऐकायला. पुढचं आलं नाही. ‘अगं,’ मी म्हटलं. काय म्हणालात, असं यायला हवं होतं. आलं नाही. आयुष्यभर मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. विंगेत एका स्टुलावर, काळा कागद गुंडाळलेल्या दिव्याखाली वही मांडीवर घेऊन बसायचं आणि जो विसरेल त्याला पुढचा शब्द द्यायचा, नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही अशा आवाजात. लोकांना वाटतं वाचता आलं की झालं. या कामात वाचणं सगळ्यात सोपं. अवघड आहे ते गप्प बसणं. नट गप्प झाला की तो विसरलाय की थांबलाय हे ओळखायचं असतं. थांबलेला असेल आणि तुम्ही शब्द दिलात तर त्याच्या प्रवेशाची माती होते. विसरलेला असेल आणि तुम्ही वाट बघत बसलात तर तो तिथे उभ्या उभ्या मरतो. मी पायांकडे बघायचो. थांबलेल्या माणसाचे पाय स्वस्थ असतात. विसरलेल्याची बोटं बुटाच्या आत जमीन धरायला लागतात, ते बाहेरून दिसतं. आमच्या एका लांब नाकाच्या नायकाला मी एकदा थांब्यावरच शब्द दिला होता, आणि मध्यंतरात तो माझ्या अंगावर चहाचा कप घेऊन आला होता. ती तेव्हा कपडेपटात होती. माझा सदरा तिनंच धुवून दिला. म्हणाली, ‘तुम्हाला एवढं कळतं, त्याचा राग आला असेल त्याला.’ असं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. पण आता तिच्या या गप्प बसण्याचं मला काहीच कळत नव्हतं. ती बोलून थांबली होती, दमली होती, की गेली होती? नळाच्या आवाजात सगळी शांतता सारखीच वाटते.

आणि बघा, येऊ नका म्हणाली. या म्हणाली असती, हाक मारली असती, धावा म्हणाली असती तर मला समजलं असतं. जमिनीवर पडल्या पडल्या तिला माझ्या घसरण्याची काळजी. मला तिचा भयंकर राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. हा आजार माझा, त्याची भीती माझी, आणि त्यातही माझ्या वाटणीला काही शिल्लक ठेवत नाही ही बाई. आमचं सगळं चाललंय ते मी आधी जाणार या हिशोबानं. आमच्या दोघांत ते कधी बोललं गेलं नाही, पण ठरलेलं आहे. मी आधी. तिच्या हातात गोळ्यांची डबी, तिच्या हातात माझी बाही, तिच्या हातात माझं सगळं. ती आधी गेली तर काय, हा प्रश्न मी कधी मनात पूर्ण केलेलाच नाही. त्याचं पहिलं अक्षर आलं की मी दुसरीकडे बघतो. आज दुसरीकडे बघायला मान वळत नव्हती.

फोन वाजला. तिचा, आत ओट्यावर. ही मुलीची वेळ. रोज सकाळची कामं आवरली की ती आईला फोन करते. वाजत राहिला. मुलगी तिकडे कानाला फोन लावून उभी आहे, मी इकडे उभा आहे आणि मधे तो वाजतोय. मी ओरडलो. खरंच ओरडलो, पोटातून. जे बाहेर आलं ते विंगेतलं कुजबुजणं होतं. फोन थांबला.

मान वर करायला मला काठीवर सगळा भार टाकावा लागला. कपाळावरच्या आठ्यांसकट वर बघितलं, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पाऊल दिसलं. नुसतं पाऊल. घोट्यापासून पुढचं, तळवा माझ्याकडे. बाकीची ती भिंतीआड. मघाशी जे सरकलं ते हे असणार, उठायला गेली असेल आणि पाय दारात आला असेल. पण मला धीर येण्याऐवजी आणखीच भीती वाटली, कारण मला नसलेलं दिसतं. औषधांनी दिसतं की आजारानं दिसतं, डॉक्टर दोन्ही म्हणतात. खुर्चीत एक बाई बसलेली असते, टोपलीवर हात ठेवून. पडद्याखाली मांजर. एकदा पॅसेजमध्ये ओळीनं उभी असलेली मुलं. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. पाहुणे काही करत नाहीत, बोलत नाहीत. ती म्हणते, ‘चहा विचारा, घेतात का बघा,’ आणि मी विचारतो आणि मग ते जातात. हे पाऊलही पाहुणं असलं तर? ती आत वेगळ्याच जागी पडलेली असली, ओट्याच्या पलीकडे, आणि मी पाऊल बघत बसलो तर? हललं तर कळेल म्हणून मी एकटक बघत राहिलो. हललं नाही. बोटं स्वस्थ होती. विंगेतून बघितली असती तर मी म्हणालो असतो, थांबलाय माणूस, विसरलेला नाही. पण स्वस्थ पाय आणखीही एका माणसाचे असतात.

टाचेला काहीतरी लाल होतं. आधी मला रक्त वाटलं. मग नीट बघितलं. पट्टी होती. सोलून काढलेल्या पट्टीचा तुकडा, एका बाजूनं सुटलेला, टाचेच्या भेगांत चिकटून बसलेला. पाहुण्यांच्या टाचांना भेगा नसतात. त्यांच्या अंगाला कधी काही चिकटलेलं नसतं, ते अगदी स्वच्छ येतात. ही तीच होती. सकाळभर फरशीवर बसून माझी लाज सोलणारी, आणि तिचा एक तुकडा पायाला घेऊन पडलेली. दारात आडवं पाऊल आणि त्यावर लाल पट्टी. एवढं सगळं मांडून ठेवलं होतं माझ्यासाठी, फक्त ते चार-पाच पावलं लांब होतं.

काठी होती. काठी आडवी टाकली तर पट्टी होईल हे मला ठाऊक होतं, हवालदारनं ते करून दाखवलं होतं. पण तेव्हा दुसऱ्या बाजूला हवालदार होती. काठी टाकली की हातात काही नाही, वाकून ती उचलणं मला जमत नाही, आणि पुढे तेल. मी काठी सोडली. सोडायचं ठरवलं असं म्हणता येणार नाही, बोटं उघडली. ती पडली, उसळली आणि, देवाची कृपा म्हणा, आडवीच राहिली. ओलांडा, मी स्वतःला म्हटलं. तिच्या आवाजात म्हटलं. डावा पाय उठला.

आणि मग ते दुसरं सुरू झालं, ज्याची मला चिकटण्यापेक्षा जास्त धास्ती आहे. पाय सुटले की कधी कधी थांबतच नाहीत. छोटी छोटी, घाईघाईची पावलं, एकमेकांच्या मागे लागलेली, आणि मी वरून पुढे पुढे झुकत, स्वतःच्याच मागे पळत असल्यासारखा. तेल पायाखाली लागलं, थंड, निसरडं. भिंत हातातून निसटत होती. दार अंगावर आलं. आता तिच्यावर पडणार, तिच्या पायावर माझं सगळं वजन, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. आणि पाऊल समोर आलं, लाल तुकडा घेऊन, नेहमीसारखं आडवं, आणि माझा उजवा पाय उठला. उंच उठला. त्याला सवय आहे. तो पलीकडे पडला, मागोमाग दुसरा आला, दाराची चौकट माझ्या मुठीत होती आणि मी स्वयंपाकघरात उभा होतो.

ती कुशीवर होती. डोकं ओट्याच्या खालच्या कपाटाजवळ, एक हात अंगाखाली, दुसरा समोर मोकळा. साबणाची पावडर सगळीकडे सांडलेली, केसांत सुद्धा. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे, थोडं रक्त. डोळे मिटलेले. बादली भरून वाहत होती. मी ओटा धरत धरत नळापर्यंत गेलो आणि नळ बंद केला. मला वाटलं होतं आता तिचा श्वास ऐकू येईल. माझाच येत होता, धापा टाकल्यासारखा. मी तो धरून ठेवला. तरी काही नाही. घड्याळाची टिकटिक, खाली रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न, आणि तिच्याकडून काही नाही.

पुन्हा फोन वाजला. मुलगी चिवट आहे, आईवर गेली आहे. फोन ओट्यावर होता. डाव्या हातानं तो धरला, उजव्या अंगठ्यानं त्या काचेवर रेघ ओढायची तर अंगठा तिथल्या तिथे नाचत होता. एकदाची ओढली गेली.

‘आई, कुठे होतीस गं? त्या निघाल्यात का तिकडे? आई? हॅलो?’

‘आई पडली,’ मी म्हणालो.

‘कोण, बाबा? बाबा, मोठ्यानं बोला ना, काहीच ऐकू येत नाहीये. आईला द्या बरं फोन.’

‘पडली ती.’

‘आवाज तुटतोय बहुतेक. मी परत लावते हं.’

लावू नकोस. मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला, सगळे एकच सांगतात मला. विंगेत कधी मोठ्यानं बोललो नाही आणि शेवटच्या विंगेपर्यंत शब्द गेला. तो आवाजानं जात नसतो. ओठ फोनला लावले, श्वास गोळा केला आणि एकच शब्द दिला, पहिलाच, दातांवर धार लावून, नायक गळपटल्यावर द्यायचो तसा. ‘पड-ली.’

तिकडे ती गप्प झाली. लहान असताना ती माझ्या स्टुलाशेजारी ट्रंकेवर बसायची, पाय हलवायचे नाहीत, शिंकायचं नाही. गप्प कसं बसायचं ते तिला मीच शिकवलं होतं.

‘कोण पडली? आई?’ तिनंही आता कुजबुजत विचारलं.

‘हो.’

‘बोलतेय?’

‘नाही.’

‘श्वास चालू आहे ना, बाबा? बाबा?’

मला ते माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे तीन अक्षरांपलीकडचं वाक्य होतं. ती रडायला लागली आणि लगेच थांबली. ‘मी ॲम्ब्युलन्स बोलावते. तुमच्या बाईंना फोन करते, त्यांच्याकडे किल्ली आहे, त्या पळत येतील. तुम्ही हलू नका, ऐकलंत? अजिबात हलू नका जागचे.’ मला हसू आलं असतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला जमेल असं काम सांगितलं होतं, आणि मी ते करणार नव्हतो.

खाली बसलो की मला एकट्याला उठता येत नाही, हे आमच्या घरात भिंतींनाही ठाऊक आहे. ओट्याला पाठ लावली आणि घसरू दिलं. कंबर आपटली, कळ डोक्यापर्यंत गेली, पण पोचलो. गुडघ्यांखाली पावडर आणि तेलाचा चिखल. तिचा चेहरा आता माझ्यासमोर होता, आणि तो कोरा होता. एकही आठी नाही, ओठ जरा उघडे, आत कुणी आहे की नाही काही पत्ता लागू न देणारा. माझा चेहरा असा झालाय असं सगळे म्हणतात. आरशात मला तो तसा वाटत नाही, कारण मी आत असतो. ती हे रोज बघते. रोज सकाळी उशीवर असा चेहरा, आणि ती त्याला विचारते, बरं वाटतंय ना? आणि उत्तर दिसेपर्यंत बघत राहते. तिला भीती वाटत असेल असं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिचा मोकळा हात उताणा पडला होता. मी माझा उजवा हात त्यावर ठेवला. गार नव्हता, पण गरमही म्हणता येणार नाही. आणि तिची बोटं हलत होती. हलत होती, चारही, बारीक, सारखी. मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्या तालात हलताहेत. माझा अंगठा घासतोय आणि तिची बोटं त्याखाली हलताहेत. तिच्यात हललेलं कोणतं आणि माझ्यातून तिच्यात गेलेलं कोणतं, मला सांगता येईना. हात उचलला तर ती स्वस्थ. ठेवला तर जिवंत. उचलायचा मला धीर होईना.

हाताला काम दिलं की तो थांबतो. मी तिची बोटं मुठीत घेतली आणि दाबली, होती तेवढी ताकद लावून, मी पडायला लागलो की ती माझा दंड धरते तशी. थरथर मनगटातून मागे गेली, दंडात गेली आणि थांबली. आता आमच्या दोघांच्या हातांत काहीच हलत नव्हतं. मी थांबलो. शब्द द्यायची वेळ झाली की नाही ते मला कळत नव्हतं, या आधी कधी इतकं कळेनासं झालं नव्हतं. तिच्या पावलाकडे बघितलं तर ते दाराकडे होतं, बोटं मला दिसत नव्हती.

‘अगं,’ मी म्हटलं.

जिन्यात खाली कुठेतरी पावलं वाजली, धावत येणारी. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मूठ सैल पडली तर थरथर परत येणार होती आणि मग कधीच काही कळलं नसतं. मी दात आवळून धरली. आणि माझ्या मुठीत, त्या थांबलेल्या मुठीत, तिचं एक बोट माझ्या तळव्यावर टेकलं आणि जरासं दाबलं गेलं, माझं ऐकू आलं नाही की ती दाबते तसं.

मी पुन्हा म्हटलं, ‘अगं.’